विमानाच्या टाकीतला मृतसाठा आणि तळाची खरवड काढणारा पंप

हँगरकाका (धागाकर्ते) | मंगळवार, रात्री १०.१४

मे महिना लागला की पेपरात रोज ती चौकट येते: मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत आज अमुक टक्के साठा. परवा सकाळी नातू ती मोठ्याने वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आजोबा, शून्य टक्के झालं की तलाव कोरडा?" म्हटलं, नाही रे, शून्य म्हणजे नळाला येईल असं पाणी संपलं. त्याखाली तळाशी असतंच की. भातसा नि अप्पर वैतरणाच्या राखीव साठ्याला हात घालायची पाळी येते ती उगाच नाही. यावर पुढचा प्रश्न: "तुमच्या विमानात पण असंच असायचं?"

असंच असायचं! चौतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, बरीचशी सांताक्रूझच्या हँगरात, पण हे साम्य डोक्यात आलं नव्हतं. म्हणून हा धागा.

विमानाच्या टाकीत थोडं इंधन असं असतं की जे आहे, पण इंजिनाला मिळेल याची खात्री नाही. आम्ही त्याला अनयुजेबल म्हणायचो, इथे मृतसाठा म्हणू. खुर्च्या, चाकं, शौचालयं जशी विमानाच्या रिकाम्या वजनात धरतात तसाच हा साठाही रिकाम्या वजनातच धरतात. आणि नियम असा की विमान सरळ पातळीत उडत असताना टाकीत फक्त मृतसाठा उरला की काट्याने शून्य दाखवायचं. म्हणजे तलावाचंच गणित.

हा साठा उरतो कशामुळे? पंखातली टाकी म्हणजे आत ठेवलेलं पिंप नव्हे. पंखाची पोकळी आतून सीलंटने बंद करतात, तीच टाकी. आत आडव्या फासळ्या, लांबीच्या दिशेने पट्ट्या, आणि त्यातून इंधन सरकावं म्हणून तळाशी पाडलेली भोकं. पंख मुळाशी खाली नि टोकाला वर असतो, त्यामुळे इंधन मुळाकडे ओघळतं आणि पंप तिथेच बसवलेले असतात. इथवर सोपं आहे. पण विमान एका पातळीत राहतं कुठे? वर गेल्यावर नाक दोनतीन अंश वर, उतरायला लागलं की खाली, आणि धावपट्टीच्या तोंडाशी येऊन पुन्हा वर जायची वेळ आली तर पंधरा अंश वर. टाकीचा तळ कुठला, हेच दर वेळी बदलतं. एका कोपऱ्यात इंधन साचलेलं आणि पंपाचं तोंड दुसऱ्या कोपऱ्यात उघडं. शिवाय पातळी पंपाच्या तोंडाजवळ आली की भोवरा धरतो आणि पंप हवा ओढायला लागतो. पिंपात पाइप टाकून पाणी काढताना शेवटी शेवटी गुर्र गुर्र होतं ना, ते. मृतसाठा मोजायचा तो सगळ्यांत वाईट स्थिती धरून. त्या स्थितीत इंजिन पहिल्यांदा अडखळलं तेव्हा टाकीत जे उरलेलं होतं, त्यापेक्षा कमी आकडा कागदावर लिहिता येत नाही.

तो आकडा खाली आणायचा तर कोपऱ्याकोपऱ्यातलं इंधन उचलून मुख्य पंपाच्या तोंडाशी आणून ओतणारं कोणीतरी हवं. ते काम स्कॅव्हेंज पंपांचं. बहुतेक विमानांत हे जेट पंप असतात. त्यांना मोटर नाही, पंखा नाही, फिरणारा एकही भाग नाही. मुख्य पंपाने दाब दिलेल्या इंधनातलं थोडंसं बारीक नळीने परत टाकीत आणायचं आणि निमुळत्या नोझलमधून सोडायचं. धार सुसाट सुटते, तिच्याभोवतीचा दाब पडतो, शेजारच्या तोंडातून तळाचं इंधन ओढलं जातं. पुढे अरुंद गळ्यात दोन्ही मिसळतात, नळी रुंदावते तसा वेग उतरतो, दाब थोडा सावरतो, आणि ते सगळं मुख्य पंपाच्या पुढ्यात पडतं. घरातल्या घरात भांडवल फिरवायचं म्हणा ना.

प्रश्न आले तर लिहीन. झोप आली तर उद्या.

---

वसईचा_विहीरवाला | मंगळवार, रात्री १०.४१

काका, हा तर आमच्या वाडीतला पंप! मोटर वर ओट्यावर, विहिरीत दोन पाइप सोडलेले. एक इंची पाइपने पाणी खाली जातं, सव्वा इंचीने वर येतं. लहानपणी वडिलांना विचारलं होतं, वर आणायचं तर खाली कशाला सोडताय? ते म्हणाले, "मोटर वर बसून पंचवीस फुटांपलीकडचं ओढू शकत नाही, खालून ढकलायला माणूस पाठवलाय." इतकी वर्षं तो माणूस कोण ते कळलं नव्हतं. आमच्याकडेही त्याला जेट पंपच म्हणतात.

---

हँगरकाका | मंगळवार, रात्री १०.५२

वडिलांना नमस्कार सांगा. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. विमानातही वर गेलेल्यातलंच थोडं खाली "माणूस" म्हणून पाठवतात. आम्ही त्याला मोटिव्ह फ्लो म्हणायचो.

---

रसायनबाई | मंगळवार, रात्री ११.०५

कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळाला लावायचा काचेचा गाळणपंप असायचा, तोही याच जातीचा. नळ धो धो सोडायचा, बाजूच्या नळीतून हवा ओढली जायची आणि बुक्नर फनेलमधला साका झटपट गाळून निघायचा. आमचे प्रयोगशाळा सहायक कुरकुरायचे, एवढ्याशा ओढीसाठी बादल्याच्या बादल्या पाणी जातं म्हणून. विमानात ही उधळपट्टी परवडते का हो?

---

शब्दवेडा | मंगळवार, रात्री ११.२०

माहिती उत्तम. पण "स्कॅव्हेंज"ला मराठी शब्द नको का? मी "निचरा" सुचवतो.

---

हँगरकाका | बुधवार, सकाळी ७.३०

शब्दवेडा, निचऱ्यात पाणी आपसूक खाली जातं. इथे मुद्दाम उचलून आणायचं आहे. आमच्या हँगरात एक सातारचे फिटर होते, ते त्याला "खरवड" म्हणायचे. दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड काढतात तशी. शीर्षकात त्यांचाच शब्द घेतलाय.

रसायनबाई, तुमचे सहायक बरोबर होते. जेट पंप कामाच्या मानाने खादाड. रुपया घातला तर चार आणे हातात पडतात, त्याच्या आसपासच. पण तुमचं पाणी मोरीत जायचं, इथलं इंधन परत टाकीतच पडतं. जातं ते फक्त मुख्य पंपाला लागलेलं थोडं जास्तीचं बळ. आणि बदल्यात काय मिळतं? वायर नाही, ठिणगी नाही, बेअरिंग नाही, ओढायला इंधन नसलं तरी जळायला झिजायला काही नाही. टाकीच्या आत, जिथे माणूस सहा-सहा वर्षं फिरकत नाही, तिथे असाच गडी हवा.

---

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ९.१२

सगळं वाचलं. मला एक पटत नाही. बोइंग ७३७ मध्ये वीसेक टन इंधन मावतं म्हणे. तळाशी समजा शंभर किलो उरलं, तर अर्धा टक्का. त्यासाठी इतक्या नळ्या नि नोझलं? आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी वीतभर पाणी कायम असतं, कोणाचं काही अडत नाही.

---

हँगरकाका | बुधवार, दुपारी १.४०

जेवण करून बसलोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तुमच्याच भाषेत. ७३७-८०० मध्ये दोन पंखांत ३,९१५-३,९१५ किलो, मधल्या टाकीत १३,०६६, एकूण २०,८९६ किलो. आता जास्तीचं वजन वर नेलं की दर तासाला त्याच्या साधारण तीन टक्के इंधन ते वजन वाहण्यातच जळतं, हा धंद्यातला ढोबळ आडाखा. शंभर किलो मृतसाठा म्हणजे तासाला तीन किलो. विमान दिवसाला दहा तास उडालं तर तीस किलो. वर्षाला दहा टनांच्या वर, एका विमानामागे. सोसायटीची टाकी रोज दिल्लीला जाऊन येत नाही, हा फरक.

पण मला विचाराल तर पैसा हे दुय्यम कारण. खरी कारणं दोन, आग आणि पाणी.

आगीचं असं. ७३७ च्या मधल्या टाकीतले पंप जास्त दाबाचे, म्हणून ती आधी रिकामी होते. दाब पडल्याचा दिवा लागला की वैमानिकाने ते विजेचे पंप बंद करायचे. कोरडा पंप तापतो, आणि अर्धवट रिकाम्या टाकीत इंधनाची वाफ नि हवा असते. ३ मार्च २००१ ला बँकॉकच्या विमानतळावर उभ्या असलेल्या थाई एअरवेजच्या ७३७-४०० च्या मधल्या टाकीचा स्फोट झाला, एक कर्मचारी गेला. प्रवासी चढायचे होते म्हणून वाचले. मधल्या टाकीचे पंप कोरडे चालू होते. त्याआधी १७ जुलै १९९६ ला न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ७४७, हवेतच मधल्या टाकीचा स्फोट, २३० माणसं गेली. तिथे ठिणगी बहुधा टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे इंधनमापकाच्या वायरीतून आत शिरली, पंपाचा दोष नव्हे. पण मधली टाकी जवळपास रिकामी होती, तळाशी जेमतेम पन्नास गॅलन, खालच्या वातानुकूलन यंत्रांनी तापलेलं. भरलेली टाकी तेवढी भीतिदायक नसते, तळाला थोडंसं असलेली असते. लोकांना हे उलटं वाटतं.

म्हणून शेवटचं इंधन काढायचं काम विजेच्या पंपाकडून काढून जेट पंपाला दिलेलं बरं. नव्या ७३७ मध्ये हे कसं चालतं बघा. एक नंबरच्या, म्हणजे डाव्या पंखाच्या टाकीत एक फ्लोट आहे. तुमच्या सोसायटीच्या टाकीतला बॉलकॉकच समजा. टाकी निम्मी झाली की फ्लोट खाली येतो, त्याच टाकीच्या पुढच्या पंपाचं थोडं इंधन नोझलला मिळतं आणि मधल्या टाकीची खरवड ताशी निदान १०० किलोने एक नंबरमध्ये यायला लागते. एकदा सुरू झालं की उतरेपर्यंत चालू. निम्मी होईपर्यंत थांबायचं, कारण येणाऱ्याला आधी जागा तर हवी! जुन्या ७३७ ला फ्लोटऐवजी टायमर होता, मधले पंप बंद केले की वीस मिनिटं खरवड.

याची एक गंमत. सगळी भर डाव्या पंखात पडत असल्यामुळे डावी-उजवी टाकी थोडी वरखाली व्हायला लागते. नवा वैमानिक कधीकधी लॉगबुकात "फ्युएल इम्बॅलन्स" लिहून मोकळा. फरक ४५३ किलोच्या वर गेला की विमान स्वतःच सूचना देतं, त्याखालचं असेल तर आम्ही चहा घेऊन समजावून सांगायचो.

पाण्याचं रात्री लिहितो.

---

हिशेबनीस | बुधवार, दुपारी २.०५

दहा टन! माघार घेतो. सोसायटीच्या टाकीबद्दल मात्र नाही.

---

चालक_होतकरू | बुधवार, संध्याकाळी ६.२२

काका, मी धुळ्याला सेसना १७२ वर ट्रेनिंग घेतलं. आमच्या मॅन्युअलमध्ये एकूण ५६ गॅलन, वापरता येणारं ५३. तीन गॅलन सरळ सोडून दिलेलं. त्यात असं काही नव्हतं.

---

हँगरकाका | बुधवार, संध्याकाळी ६.४०

नसणारच. पंख डोक्यावर, इंजिन खाली, इंधन आपल्या वजनाने उतरतं. ५६ पैकी ३ म्हणजे पाच टक्क्यांच्या वर गेलं की नाही? प्रवासी जेटमध्ये एवढं सोडलं असतं तर टनभर मृतसाठा घेऊन फिरावं लागलं असतं. उलट एटीआर, म्हणजे ते पंख्यांचं छोटं प्रवासी विमान, बघा. त्याच्या प्रत्येक टाकीत पंपाभोवती सुमारे दोनशे लिटरचा वेगळा कप्पा असतो आणि तो कायम भरलेला ठेवतात. विमान हेलकावलं तरी पंपाचं तोंड बुडालेलं. खरवड आणून टाकायची ती अशा कप्प्यातच, नाहीतर या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात सांडल्यासारखं.

---

एएमई_दुसरं_वर्ष | बुधवार, रात्री ८.१५

सर, पाण्याचं सांगा ना. आमच्या एएमईच्या (विमान देखभाल अभियंता) पुस्तकात "वॉटर स्कॅव्हेंज" एका ओळीत उरकलंय.

---

हँगरकाका | बुधवार, रात्री ९.५०

पाणी टाकीत कुठून येतं? एक तर इंधनात विरघळलेलं असतं. जुना ठोकताळा असा: इंधनाचं तापमान फॅरेनहाइटमध्ये जितकं, साधारण तितके भाग पाणी दर दहा लाख भागांत विरघळलेलं. मुंबईत ८६ धरा. वीस हजार लिटरमध्ये पावणेदोन लिटर झालं. वर गेल्यावर इंधन थंड होत होत पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास आलं की यातलं लिटरभर बाहेर पडतं. दुसरं म्हणजे टाकी श्वास घेते. खाली उतरताना बाहेरची हवा व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या झरोक्यातून, आत शिरते, आणि जुलैतली मुंबईची हवा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गार पडलेल्या टाकीच्या पत्र्यावर ती दव धरते.

पाणी जड, तळाशी जातं. तिथेच राहिलं तर गोठतं, पत्रा खातं, आणि पाणी-इंधनाच्या सीमेवर एक बुरशी धरते, होर्मोकोनिस रेझिनी नावाची. तपकिरी, चिकट, शेवाळाच्या चादरीसारखी. फिल्टर बुजवते, मापकांना खोटं बोलायला लावते. म्हणून खालच्या कोपऱ्यातले जेट पंप उड्डाणभर तळ चाटत राहतात. उचललेलं पाणी धारेत इतकं बारीक फुटतं की इंधनाबरोबर इंजिनात जाऊन वाफ होऊन निघून जातं, कळतही नाही. थेंब थेंब गेलं तर काही बिघडत नाही, लोट गेला तर इंजिन खोकतं.

पण स्कॅव्हेंज आहे म्हणून पाणी तपासायचं सोडायचं नाही. विरघळलेलं पाणी त्याला दिसतच नाही. १७ जानेवारी २००८ ला हीथ्रोच्या धावपट्टीआधीच बसलेलं ब्रिटिश एअरवेजचं ७७७ आठवा. इंधनात पाणी नेहमीएवढंच होतं, नळ्यांत बर्फ धरला आणि सुटून एकदम पुढे आला. माणसं वाचली सगळी.

आता माझी फजिती. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, जुलै, रात्रीचे तीन. पंखाखाली उकिडवं बसून ड्रेन व्हॉल्व्ह दाबायचा, काचेच्या बरणीत नमुना घ्यायचा, बॅटरीच्या उजेडात बघायचा. तळाशी पाण्याचा गोळा दिसला. ओतलं, परत घेतलं, परत पाणी. पाच बरण्या झाल्या, प्रत्येकीत पाणी. घाबरून वर कळवलं, विमान अडकलं. शिफ्ट इनचार्ज आले, त्यांनी एक शब्द न बोलता वर आभाळाकडे बोट दाखवलं. पंखाच्या कडेवरून पागोळी थेट माझ्या बरणीत पडत होती. त्या रात्रीनंतर पावसाळ्यात माझ्या टूलबॉक्समध्ये छत्री असायची.

एएमई, तुझ्यासाठी एक. बरणीत रेघ दिसली नाही म्हणून "क्लिअर" लिहू नकोस. सगळी बरणी पाण्याने भरली असेल तरी रेघ दिसत नाही. वास घे, पाणी ओळखायची कॅप्सूल लाव, पिवळा कागद हिरवा होतो का बघ.

---

एएमई_दुसरं_वर्ष | बुधवार, रात्री १०.०८

सर, परीक्षेत हेच विचारलं होतं, मी चुकलो होतो. आणि जेट पंप बिघडतच नाही का?

---

हँगरकाका | बुधवार, रात्री १०.३५

झिजत नाही, पण बुजतो. नोझल बारीक, त्याच्या तोंडाशी जाळी. एका कंपनीचं ७३७ आमच्याकडे तक्रार घेऊन आलं होतं: उतरल्यावर मधल्या टाकीत दर वेळी तीनशे किलो. फ्लोट तपासला, बरा. पुढच्या पंपाचा दाब तपासला, बरा. शेवटी टाकीत शिरायचं ठरलं. इंधन काढून, दिवसभर हवा खेळवून, वाफेचं मीटर लावून, सुती कपड्यांत एकजण आत नि एकजण भोकाशी त्याच्या पायांवर लक्ष ठेवून. आत शिरायचं भोक एवढं की खांदे तिरके केल्याशिवाय जात नाहीत. तास-दीड तासाने सातारचे फिटर बाहेर आले, घामाने नि वासाने भरलेले, आणि चिमटीत धरलेलं काहीतरी माझ्या तळहातावर ठेवलं. सीलंटची वाळकी साल, अंगठ्याच्या नखाएवढी. कुठल्यातरी जुन्या दुरुस्तीतली, जाळीवर जाऊन पानासारखी चिकटली होती. तेवढ्याने तीनशे किलो अडवले होते. फिटर म्हणाले, "चहात साय अडकावी तसं."

---

वसईचा_विहीरवाला | बुधवार, रात्री १०.५०

थांबा. आमच्या पंपाचं पाणी गेले पंधरा दिवस कमी येतंय. मिस्त्री म्हणतो मोटर बदला, अकरा हजार.

---

हँगरकाका | बुधवार, रात्री १०.५३

मोटरला हात लावू देऊ नका. आधी खालचं नोझल काढून बघा.

---

शब्दवेडा | गुरुवार, सकाळी ८.०२

"खरवड" मान्य. "मोटिव्ह फ्लो"ला काय म्हणायचं?

---

रसायनबाई | गुरुवार, सकाळी ८.२०

विहीरवाल्यांच्या वडिलांनी सांगितलंय की. "खाली पाठवलेला माणूस."

---

वसईचा_विहीरवाला | गुरुवार, दुपारी १२.१५

पाइप वर ओढले, चौघं लागले. नोझलमध्ये गोगलगाईचा शंख. अख्खा, बोराच्या बीएवढा. फूटव्हॉल्व्हची जाळी एका बाजूने फाटलेली, तिथूनच शिरला असणार. काढला, पाइप परत सोडले, वरून बादलीभर पाणी ओतून प्रायमिंग केलं. आता टाकी वीस मिनिटांत भरतेय. फोटो चढवतोय, पण साइट घेत नाहीये.

---

हँगरकाका | गुरुवार, दुपारी १२.३१

जाळी नवी बसवा, तांब्याची. शंख टाकू नका, नातवाला दाखवायचाय.